रोज पाच आणि एक हात

"तुमच्या सवडीनं लिहा हो भाभी," इंद्रजीत म्हणाला. "घाई अजिबात न्हाई. फक्त रोज पाच द्या."

अकिला मणियारने हातातली बांगडी खाली ठेवली. शिरूरच्या बाजारपेठेत तिचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि इंद्रजीतच्या साप्ताहिकात दर गुरुवारी तिचं सदर. आठवड्याला एक बाई. बाई दुकानात यायची, गादीवर बसून हात पुढे करायची. हात दाबत, बोटं मिटवत एकेक बांगडी सरकेपर्यंत माहेर, सासर आणि सासूचे गुडघे असं सगळं सांगून व्हायचं. अकिला ते नुसतं लिहून काढायची. ज्याला लोक लेखन म्हणतात, तो तिच्या दृष्टीने बांगड्या भरण्याचाच पुढचा भाग होता. घाई केली की काच लागते.

"पाच म्हंजी, महिन्याला?"

"दिवसाला. आता आपलं पोर्टल झालंय. पुण्याचे लेखक चहा पिता पिता दहा टाकतात." साप्ताहिक वडलांनी काढलं होतं. इंद्रजीतने ते पुढे नेलं होतं, म्हणजे छपाई निम्म्यावर आणली होती. "न्हाई जमलं तर सदर थांबवू. जबरदस्ती न्हाई."

दहावीला शाळा सुटल्यापासून अकिलाचं नाव छापून येण्याच्या दोनच जागा उरल्या होत्या, मतदार यादी आणि हे सदर. मतदार यादीत ते चुकलेलं होतं.

मग ती रोज पाच जणींवर लिहू लागली. बायका दुकानात येईपर्यंत थांबायला वेळ कुणाला? न्हावऱ्याच्या विठाबाईंना तिने मार्केट यार्डात कांद्याच्या ढिगापाशी आडत्याशी भांडताना लांबून पाहिलं होतं. तेवढ्या भांडवलावर तिने लिहिलं, 'मनगटभर हिरवा चुडा किणकिणवत विठाबाई दर विचारतात, तेव्हा आडत्याची बोबडी वळते.' वाक्यावर ती स्वतःच खूश झाली. बांगडीवालीच्या डोळ्यांना रिकामा हात बघवत नाही. तिने तो परस्पर भरून टाकला होता.

विठाबाईंचे यजमान केव्हाच वारले होते.

मजकूर पोर्टलवर आला त्या सकाळीच विठाबाईंचे दीर जयसिंग आबा यांनी इंद्रजीतला फोनवर धुऊन काढलं. विधवांना मानाने वागवण्याचा ठराव गावच्या सभेत आबांनीच वाचला होता, फोटोही काढून घेतला होता. पण ठराव गावासाठी होता, घरासाठी नव्हे.

"दुरुस्ती द्या, भाभी. दुपारपर्यंत," इंद्रजीतचा निरोप आला.

'विठाबाईंच्या हातात बांगड्या नाहीत,' एवढं लिहून अकिला थांबली. खोटं छापलं ते वाईटच झालं होतं. हे खरं छापणं त्याहून वाईट दिसत होतं.

तेवढ्यात पायरीवर सावली पडली.

"मणियारीण तूच का गं? मी न्हावऱ्याची विठाबाई."

अकिला धडपडत उठली. "मावशी, माफ करा. लई मोठी चूक..."

"सुनंनं वाचून दावलं. आठवड्याला एक लिहायचीस तवा धड असायचं. आता रोजचा रतीब घातलास. मग पाणी पडणारच की."

"व्हय," अकिला म्हणाली.

विठाबाई गादीवर टेकल्या. पदर सारखा केला आणि हात पुढे धरला. "हिरवा चुडा छापलास न्हवं? मग भर."

"मावशी... पण जयसिंग आबा..."

"त्यांना नगं भरू. मला भर."

कांदा काढून, ऊस बांधून तो हात लाकडासारखा झाला होता. पहिली बांगडी सांध्यावर तडकली, दुसरीही.

"साबण लावू का?"

"साबणानं कुणीबी भरंल. दाबून भर. लई दिसांनी कुणी हात हातात घेतलाय."

अकिला हळूहळू हात दाबू लागली. विठाबाई हळूहळू बोलू लागल्या. फोन वाजला. इंद्रजीत होता.

"भाभी, दुरुस्तीचं काय झालं?"

"चालूच हाय."

"आन् आजच्या पाच?"

"त्या न्हाईत. उद्याबी न्हाईत. इथून पुढं आठवड्याला एक देईन, इंद्रजीतराव. पण ती खरी असंल. न्हाई परवडलं तर सदर बंद करा. जबरदस्ती न्हाई."

पलीकडे माउसची टिकटिक ऐकू आली.

"भाभी," इंद्रजीत म्हणाला, "शिव्या बसल्या, पण विठाबाईंवरच्या लेखाएवढं आपल्याकडं दुसरं काहीच वाचलं गेलं न्हाई. पुढचं गुरुवारी येईल ना?"

"हात भरून झाला की."

ऊन कलल्यावर शेवटची बांगडी सांधा ओलांडून मनगटावर आली. विठाबाईंनी हात उजेडात धरून पाहिला. पिशवी उचलून रस्त्यावर गेल्या.

कोपऱ्यावरून न्हावऱ्याची एसटी वळली, तसा त्यांनी हात वर केला. अकिला दुकानातून बघत होती. गाडी थांबली, दार उघडलं, कंडक्टरने "चला आजी" म्हणून हाक मारली. हात काही लगेच खाली आला नाही.