उभं राहून मत

आमची तोफखान्याची तुकडी म्हणजे व्हरमाँटमधल्या हार्लो गावची गावसभाच होती, फक्त तिला सहा तोफा जोडल्या होत्या. गुलामांचे मालक देश फोडायला निघाले तेव्हा आम्ही एकाच दुपारी भरती झालो आणि अधिकारी आपल्यातूनच मतं देऊन निवडले. चीज बनवणारा ऑरिन पीझली कॅप्टन झाला, कारण तोच एक घोड्यावर बसल्यावर बरा दिसे. मला, म्हणजे जोथम पाइकला, त्यांनी डुक्करपकड्या नेमलं. आमच्याकडे नव्यानं लग्न झालेल्याच्या गळ्यात मोकाट डुकरं पकडायचं पद मारायची चेष्टा चालते. युद्धावर आलो तरी त्यांनी मला सोडलं नाही. मी व्हर्जिनियात दोन डुकरं पकडली. तुकडीनं ती खाल्ली आणि माझ्या आभाराचा ठराव केला.

ठरावाशिवाय आमच्याकडे पान हलत नसे. कॉफी पातळ करायची की घट्ट, यावरसुद्धा सूचना, अनुमोदन, उपसूचना. सभापती होते डीकन स्टो, गावच्या चर्चचे कारभारी, वय चोरून भरती झालेले म्हातारे. गावात वर्षानुवर्षं सभा त्यांनीच चालवलेली. इथं ते दारूगोळ्याच्या पेटीवर बसून चालवायचे आणि कॅप्टन त्यांना टरकून असायचा.

त्या वसंतात वरून आमच्या तुकडीला एका माणसाची, एकाच माणसाची रजा आली. नाव कॅप्टननं भरायचं होतं. पण कुणाचंही नाव घातलं तर उरलेले सगळे घरी गेल्यावर आपलं चीज विकत घेणार नाहीत, या धास्तीनं त्यानं गावसभा बोलावली. छावणीची गाडी टेकडीमागं थांबली होती. सही झालेला कागद आणि रजा मिळालेला माणूस घेऊन ती लगेच स्टेशनला निघणार होती.

मला ती रजा हवी होती. थंडीत मला मुलगी झाली होती आणि मी तिला पाहिलं नव्हतं. बायकोनं, मर्सीनं, लिहिलं होतं की पोरीचे कान हुबेहूब तुमच्यासारखे आहेत, तेव्हा लवकर येऊन तिची माफी मागा. माझ्याविरुद्ध उभा होता ॲल्वा टटल. त्याची गाय व्यायला आली होती आणि ती त्याच्या मेव्हण्याच्या ताब्यात होती.

"पोरगी काय, आणखी वर्षभरानंही पोरगीच राहील," ॲल्वा सभेत म्हणाला. "पण माझा मेव्हणा गाईला मारून टाकेल हो! त्याला शेपूट कुठल्या बाजूला असतं तेही ठाऊक नाही."

माझी बोलायची पाळी आली आणि ओढ्यापलीकडून पहिला गोळा येऊन कॉफीच्या किटलीवर पडला. पाठोपाठ झाडीतून बंडखोरांचं पायदळ बाहेर आलं.

"तोफ डागणं हे रोजचं काम आहे, त्याला ठराव लागत नाही," डीकन म्हणाले. "हात चालू द्या, सभाही चालू राहील."

मग आम्ही तोफा डागत डागत चर्चा करू लागलो. तेवढ्यात वरच्या कचेरीतला एक कर्नल घोडा फेकत आला.

"घोडे जुंपा! मागं हटा! ऐकू येत नाही का?"

डीकननी चष्म्यावरून पाहिलं. "आपण हार्लोचे मतदार नाही. सभेच्या परवानगीशिवाय बोलता येणार नाही."

"कॅप्टन!" कर्नल किंचाळला. "हा म्हातारा कोण?"

"सभापती आहेत, साहेब," पीझली पुटपुटला.

कुणीतरी कर्नलला बोलू देण्याची सूचना मांडली आणि ती मंजूर झाली. तोवर त्याच्या घोड्यानं पळ काढला होता आणि कर्नल स्वतः आमच्या तोफेच्या चाकाआड पालथा पडला होता. त्यानं पालथ्यानंच भाषण केलं. छोटं होतं, पण शिव्या चांगल्या होत्या.

माघारीचा विषय आधी घ्यावा असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. मी कडाडून विरोध केला, कारण माघार सुरू झाली की गाडी निघून जाणार. कुणी ऐकलं नाही.

"माघारीच्या बाजूचे उभे राहा," डीकन म्हणाले.

आमच्या गावात हात वर करून चालत नाही, उभं राहावं लागतं. आणि गोळ्या बरोबर उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून चालल्या होत्या. माघार मी सोडून सगळ्यांनाच हवी होती. कॅप्टनला तर सगळ्यांहून जास्त. पण उभं कोण राहणार? मेंढरांसारखे सगळे चाकांआड एकमेकांकडे बघत बसले.

"बाजूनं कोणी नाही. सूचना एकमतानं नामंजूर."

कर्नलनं तोंड मातीत खुपसलं. आम्ही तिथंच राहिलो, छर्ऱ्यांचे डबे भरले, ओणव्यानंच बार काढत गेलो, आणि पायदळ ओढ्यापर्यंत येऊन परत झाडीत पळालं. झाडीतले नेमबाज मात्र हटेनात. डोकं वर काढलं की गोळी.

"आता रजा," डीकन म्हणाले. "जोथम पाइकच्या बाजूचे उभे राहा."

जे स्वतःच्या जिवासाठी उठले नाहीत ते माझ्यासाठी काय उठणार! "डीकन, आजच्यापुरते हात वर करू द्या ना!" मी ओरडलो.

"नियम बदलायला ठराव लागेल. त्यालाही उभं राहूनच मत द्यावं लागेल."

मग ॲल्वा टटल उठला. त्याची टोपी ताबडतोब उडाली.

"मोजा हो लवकर!" तो खेकसला. "गाईचं काय व्हायचं ते होवो!"

मग कॅप्टन उठला, डोळे घट्ट मिटून. मग सगळी तुकडी उठली. तोफांपाशी, पेट्यांपाशी, ती माणसं ताठ उभी राहिली. डीकन बोट दाखवत एकेकाला मोजू लागले, आणि सावकाश, चुकलं की पहिल्यापासून.

चाकाआडून कर्नलही उठला.

"आपण खाली बसा, आपल्याला मत नाही," डीकन म्हणाले, पण आवाज नरम होता.

मी एकटाच बसून राहिलो होतो. स्वतःलाच मत देणं बरं दिसत नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी टोपीत तोंड खुपसून रडत होतो.