तीन भोकांचा घडा

आयझॅकमास्तरांची अबीगेल मुंबईला मातीकाम शिकली आणि शिकलेलं सगळं तिने माझ्या दुकानात आणून मांडलं. पनवेलच्या बाजारात एवढी मोठी काचेची शोकेस माझ्याचकडे, म्हणून ही आपत्तीही माझ्याचकडे. कपबश्या आणि लोणच्याच्या बरण्या मी मुकाट्याने खाली उतरवल्या. त्या पोरीला मला नाही म्हणता येत नाही.

प्रदर्शनामागे बापलेकीचा करार होता. मास्तर बिऱ्हाड हलवून इस्रायलला निघाले होते, आणि ही म्हणत होती, मी इथेच राहून मातीकाम करणार. "पनवेलच्या एका तरी माणसाने तुझी वस्तू घरी नेली तर राहा," मास्तर म्हणाले, "नाहीतर आमच्याबरोबर बोटीत बसायचं." पनवेलकरांना ते पुरते ओळखून होते.

लोक येत, वाकड्या बश्या बघत आणि विचारत, "सेकंड माल वाटतं?" मी पाटी लावली : 'माल खराब नाही, मुद्दाम असा केला आहे.' तेव्हापासून लोक माझ्याकडे दयेने बघू लागले.

मधोमध तिचा लाडका घडा होता. निळसर, देखणा, आणि आत उजेड जावा म्हणून पोटाला तीन भोकं. जासईची हौसाबाई लेकीच्या लग्नासाठी कपबश्या घ्यायला आली ती उंबऱ्यातच थांबली.

"शेठ, कोन मेलाय?"

"कोणी नाही."

"मंग ह्ये मसणातलं मडकं कशाला मांडलंय? मला नाय पायजे तुमच्या कपबश्या!"

प्रेताभोवती मडकं फिरवताना फेरीला एक अशी तीन भोकं पाडून ते फोडण्याची रीत मास्तरांच्या ज्यू लोकांत नाही. पोरीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"चौथं भोक पाड," मी सुचवलं.

"काका, भाजलेला घडा आहे, फुटेल."

मग मी भोकं भिंतीकडे फिरवायचो आणि ती आली की पुढे करायची. घडा मीच घरी न्यावा म्हटलं, तर आमची रंभा म्हणाली, "आणा की. मी माहेरी जाते."

प्रदर्शनाच्या शेवटच्या दुपारी मास्तर आले. भोकाला डोळा लावून बराच वेळ आत बघत राहिले.

"बांधून दे, कमळाकर."

"मास्तर, तुम्ही नेलात तर ती राहील."

"कळतं मला. बोट सुटेपर्यंत मीसुद्धा पनवेलचाच आहे ना?" त्यांनी चष्मा पुसला. "बापाने नेला म्हटलं तर ती धरणार नाही. माझं नाव सांगू नकोस. ट्रंकेतला गरम कोट काढून जागा केली आहे."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. घडा गोणपाटात गुंडाळून मी त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळी अबीगेल आली. रिकामी जागा बघून तिचा चेहरा उतरला.

"फुटला?"

"गेला. गावातल्याच एका गृहस्थाने नेला."

"भोकं असूनही?"

"त्यांतून आत बघितलं त्याने. खूप वेळ."

ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटत हसली. बाकीचा माल आवरायचं भान तिला राहिलं नाही.

"पप्पांना सांगून येते!" म्हणाली, आणि धावत सुटली.