बैलगाडीच्या चालीचं गाऱ्हाणं

मुकुलला ती गाडी अलोऱ्याच्या कॉलनीत सापडली तेव्हा तिच्या सीटमधून सागाचं एक रोप वर आलेलं होतं. धरणाच्या कामावरचा कोणी साहेब ती विलायती स्पोर्ट्‌स कार, दोन सीटांची, टप उघडणारी, तिथेच टाकून गेला होता. पुढची तीस वर्षं कॉलनीने तिच्यावर चादरी वाळवल्या. १९९८ साली मुकुलने ती टेम्पोत घालून रत्नागिरीजवळच्या आपल्या गावी आणली. रोप आधी काढून परसात लावलं. ते गाडीच्या आधी उभं राहिलं.

मुकुल हा बागायतदार. इंजिनातून जास्तीत जास्त वेग कसा काढायचा ही विद्या तो रत्नागिरीच्या सायबर कॅफेत शिकला. इंग्लंडमधल्या एका निवृत्त गृहस्थाला तो प्रश्न पाठवी, उत्तर छापून आणी आणि केरूला मराठीत वाचून दाखवी. केरू भाताच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. प्रत्येक पत्रावर त्याचं एकच मत असे, "माणूस चांगला वाटतोय."

अशी चार वर्षं गेली. दोघांनी इंजिनाचं हेड घासलं, कार्ब्युरेटरचे जेट बदलले, धुराची वाट आतून आरशासारखी केली. मग एका सकाळी मुकुलचे वडील आप्पा चहाची कपबशी घेऊन शेडशी आले.

"चार वर्षांत कलम धरतं," ते म्हणाले. "ही कधी धरणार?"

"आप्पा, ही ताशी शंभर जाणार."

"मग पंधरा दिवसांत एकदा नेऊन दाखव. गेली तर कायमची ठेव. नाही गेली तर पंधरवड्याच्या शेवटच्या रविवारी पुण्याहून माणूस येतोय बघायला. त्याला द्यायची."

गाडी बाहेर काढायची म्हणजे आधी देवळात गाऱ्हाणं घालायला हवं. गावच्या वतीने देवाशी बोलायचा मान महिपतचा. त्याने गाडीसमोर नारळ धरला. "बा देवा म्हाराजा, हा तुझा लेकरू आज नवी गाडी काढतोय. तिला वाटेत गुरंढोरं आडवी येऊ देऊ नको. आणि गाडी कशी, बैलगाडीसारखी सुखाने चालू दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मुकुलही सवयीने म्हणाला.

गावावरच्या कातळ पठारावर, सड्यावर, सरळ रस्त्याला एक किलोमीटरच्या अंतराने दोन दगड होते. गाडीच्या वेग दाखवणाऱ्या काट्याची केबल उंदरांनी खाल्ली होती, म्हणून मुकुलची बायको पद्मजा शाळेचं स्टॉपवॉच घेऊन दुसऱ्या दगडाशी उभी राहिली. ती खेळाची शिक्षिका. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत छत्तीस सेकंद लागले की शंभर.

"अठ्ठावन्न," पद्मजा म्हणाली. "म्हणजे बासष्ट."

मुकुलने जेट बदलले. अठ्ठावन्न. ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलं. अठ्ठावन्न. वजन कमी करायला डावी सीट काढली, तळाचा गालिचा काढला, शेवटी स्वतः दोन दिवस नुसत्या पेजेवर राहिला. अठ्ठावन्न.

"सातवीतल्या पोरींचं सुद्धा रोज थोडंफार वरखाली होतं," पद्मजा म्हणाली.

केरूने हात पुसले. "मुकुलशेट, रागावू नका. पण बैलगाडीला व्हय म्हाराजा तुमीच म्हणलात."

मुकुल शास्त्र मानणारा होता. त्याने आणखी दोन दिवस शास्त्र मानलं. शुक्रवारी संध्याकाळी तो महिपतकडे गेला आणि गाऱ्हाण्यात दुरुस्ती होईल का, असं विचारलं.

"घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाय," महिपत म्हणाला. "कौल लावून बघू."

देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. महिपतने ऐंशीपासून सुरुवात केली. उजवी पडली. नव्वदला उजवी पडली. शंभरला दोन्ही पाकळ्या जागच्या हलेनात. अर्धा तास गेला.

"देव विचारात पडलाय," महिपत म्हणाला. "अट घालून बघू. घरचं वडीलधारं माणूस गाडीत असेल तर?"

उजवी पाकळी टपकन पडली.

आप्पांचं वजन ब्याण्णव किलो होतं. मुकुलने सीट काढून वाचवलेलं वजन होतं अकरा किलो. त्याने कागदावर हिशेब केला आणि कागद खिशात ठेवला.

आप्पा मात्र कौलाला नाही म्हणणारे नव्हते. शनिवारी सकाळी ते कानटोपी घालून आले आणि सीटच्या जागी ठेवलेल्या आंब्याच्या खोक्यावर बसले.

पहिल्या दगडाशी गाडी बासष्टवरच होती. आप्पा घाबरले आणि त्यांनी दोन्ही पाय समोर रोवले. गाडीने उसळी घेतली. आप्पा आणखी घाबरले आणि आणखी जोर लावला. गाडी आणखी पळाली. मुकुलने पेडलवरून पाय काढला तरी गाडी पळतच होती. दुसरा दगड गेला, पद्मजा गेली, शेवटी मुकुलने किल्ली बंद केली तेव्हा कुठे गाडी थांबली.

"चौतीस," मागून पळत आलेली पद्मजा म्हणाली.

आप्पांनी कानटोपी काढली. "देवाने मला बसायला सांगितलं म्हणून पळाली," ते म्हणाले आणि ज्याला त्याला सांगायला गावात गेले.

गाडी शेडमध्ये परत आल्यावर केरू वाकून खाली बघत होता. ॲक्सिलरेटरची केबल उघड्या तळावरून डावीकडून गेली होती. आप्पांनी पाय रोवले होते ते तिच्यावर. "पेडलला मी अडणी बसवलीय," तो सावकाश म्हणाला. "इंजिन दोन तृतीयांशाच्या वर उघडायचं नाय. गिरणीचं इंजिन पुरतं उघडलं की पट्टा सुटतो ना. हात सवयीने गेला."

"म्हणजे चार वर्षांत आपण ते पुरतं उघडलंच नाही?"

"आप्पांनी उघडलं." केरूने पाना पुढे केला. "काढू?"

अडणी निघाली की गाडीला आप्पांची गरज उरणार नव्हती. देवळाकडून आप्पांचा आवाज येत होता. ते महिपतला दगडापासून दगडापर्यंतचा प्रवास, मधली झाडं धरून, सांगत होते. मुकुलने पाना घेतला आणि पेटीत टाकला.

रविवारी पुण्याचा माणूस आला. आप्पा कानटोपी घालून खोक्यावर आधीच बसलेले होते.

"विकायची नाही," ते म्हणाले.

"बरं. पण पळते तरी किती?"

"माझ्याशिवाय," आप्पा म्हणाले, "बासष्ट."