दोन किनाऱ्यांची एक खीळ

मित्रांनो, बंदराच्या गोदामात शिरलात की डाव्या कोपऱ्यात नारिंगी वेटोळं घालून जो पडलेला दिसतो, तो मी. मी एक जुना तरंगता बांध आहे. कामगार मला लाडानं 'अजगर' म्हणतात. एरवी मी सुस्त पडून असतो हे खरं. पण समुद्रात तेल सांडलं की सगळ्यांना आधी माझीच आठवण होते.

ताडपत्रीहून जाड कापडाचं माझं अंग. पोटात हलके फुगीर ओंडके भरले, म्हणून मी तरंगतो. खाली झालर शिवून तिच्या काठाला साखळी ओवली, म्हणून लाटांतही ताठ उभा राहतो. तेल पाण्यावर पसरतं, आणि मी त्याच्या वाटेत आडवा पडतो. इतकंच माझं काम. माझ्या दोन्ही टोकांना धातूच्या पट्ट्या आहेत. एका बांधाची पट्टी दुसऱ्याच्या पट्टीत अडकवून खीळ घातली की दोघांचा मिळून एक बांध होतो.

आमच्या पथकाचा मुकादम मोठा तोंडाळ, पण कामाला वाघ. आमच्या आखाताभोवती चार देश आहेत. समोरचा किनारा दुसऱ्या देशाचा, आणि मुकादमाची धाकटी बहीण तिथंच दिलेली. ओहोटीला उथळ पाण्यातून शिंपले वेचून ती घर चालवायची.

एके सकाळी आमच्या बंदराबाहेर एक जहाज खडकावर चढलं आणि काळं तेल पसरू लागलं. मी एकटा पुरा पडणार नव्हतो. शेजारी देशानं लगेच आपला बांध पाठवला, अगदी मोठ्या मनानं. दोन्ही होड्या जवळ आल्या, टोकाला टोक भिडलं आणि मुकादमाचा चेहरा उतरला. आमची पट्टी एका घडणीची, त्यांची दुसऱ्याच. खीळ बसेचना.

"अरे, विकत घेताना एकमेकांना विचारायचं तरी!" तो ओरडला.

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?" पलीकडच्या होडीतून उत्तर आलं.

दोघंही खरंच बोलत होते. शेवटी दोरानं बांधलं. पण मध्ये फट राहिली, आणि तेलाला तेवढी पुरली. मी अंग ताणून उभा होतो आणि शेजारून काळी धार निसटताना बघत होतो. वारा पलीकडे वाहत होता. ती धार थेट बहिणीच्या उथळ पाण्यात गेली.

काही दिवसांनी ती गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली. ओंजळीत काळे पडलेले मेलेले शिंपले होते.

"दादा, तुझ्या डोळ्यांदेखत गेलं ना रे हे?"

त्यानंतर कित्येक वर्षं ती माहेरी फिरकली नाही. मला फार फार वाईट वाटलं.

त्या घावानंतर चारही देशांची माणसं एकत्र बसली. भांडली, रुसली, उठून गेली आणि पुन्हा बसली. अखेर ठरलं, की आखाताभोवतीच्या प्रत्येक बांधाला एकाच घडणीची पट्टी लावायची आणि दर वर्षी पाळीपाळीनं एकेका बंदरात सगळ्यांनी मिळून सराव करायचा. माझी जुनी टोकं काढून नवी बसवली. पहिल्या सरावात काय गोंधळ! हुकूम सोडायला सगळे पुढं, दोर ओढायला कुणी नाही. पण हळूहळू हात जुळले. ज्यांना पाणी तपासता येत होतं, त्यांनी इतरांना शिकवलं. ज्यांच्याकडे होड्या जास्त होत्या, त्यांनी शेजाऱ्यांना दिल्या. समोरच्या देशाच्या पथकात एक मुलगी भरती झाली. ती मुकादमाची भाची, त्याच बहिणीची लेक.

आणि पुन्हा एकदा तेल सांडलं. वाराही तसाच, पलीकडे वाहणारा. भाची आपला बांध ओढत आली.

"मामा, टोक वर धर!"

"धरलंय गं, तू खीळ घाल!"

खट्कन आवाज झाला. तसा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. वारा पडेपर्यंत आम्ही दोन बांध एकमेकांना धरून राहिलो. तेल आमच्या कुशीत साठत गेलं आणि पंपांनी ते उपसून काढलं. पलीकडचं पाणी नितळ राहिलं. त्याच आठवड्यात बहीण माहेरी आली.

कौतुक झालं, फोटो निघाले. मग बरीच वर्षं काहीच घडलं नाही. काही न घडणं हेच आमचं यश, पण त्याचा फोटो निघत नाही. "यंदा सराव राहू दे, तेल कुठं सांडलंय?" असं म्हणत सराव पुढं ढकलला जाऊ लागला. मुकादम निवृत्त झाला. उंदरांनी माझी झालर कुरतडली. माझ्या अंगावर मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या.

परवा भाची आली. आता चारही देशांच्या पथकांना तीच शिकवते. बरोबर एक कोराकरकरीत बांध होता आणि काठी टेकत आलेला मामा. तिनं खुर्च्या हटवल्या, माझं टोक नव्या बांधाला भिडवलं. खीळ अर्ध्यावर अडकली. माझी पट्टी गंजली होती.

मामा खाली बसला, खिशातून तेलाची कुपी काढली आणि गंज घासू लागला. "तेल अडवणाऱ्यालाही दोन थेंब तेल लागतं गं," तो पुटपुटला. बऱ्याच खटपटीनं खीळ बसली.

"मामा, आज नुसतं जोडून बघत होतो म्हणून बरं. खरंच सांडलं असतं तर?"

मामानं दाराकडे पाहिलं. "तर तुझी आई पुन्हा तिथं उभी राहिली असती."

मित्रांनो, तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. माझे आता फार दिवस राहिले नाहीत. माझं अंग फाटलं आहे, माझी जागा नव्या बांधाला द्या. मला त्याचं दुःख नाही. पण समुद्र शांत असताना, दर वर्षी, न चुकता, त्याचं टोक शेजाऱ्याच्या टोकाला लावून बघत जा. खीळ सहज बसली, तर समजा, पलीकडे कुणाची तरी बहीण निर्धास्तपणे शिंपले वेचते आहे.