वरून एक

दात काढणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे घाणीला मी घाबरत नाही. मला तिची किळस येते. हा फरक माझ्या सासरी आजवर कोणाला कळलेला नाही.

दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघून मी घरी यावं, तर घरात काय? जेवणाच्या टेबलावर मेणकापड, त्याच्याखाली आधीचं मेणकापड, त्याच्याखाली त्याच्याही आधीचं. गादीला खोळ, खोळीला खोळ. फडताळात कागदावर कागद. सासूबाईंचा ठरलेला शब्दच आहे, ‘वरून एक’. डाग पडला, वरून एक. फाटलं, वरून एक. भिंतीला ओल आली तर तिच्यावरही रंगाचा वरून एक हात. काढणं, खरवडणं, धुणं या क्रियापदांशी या कुटुंबाची तोंडओळखसुद्धा नाही. मी काही बोलले की सासूबाई म्हणतात, देवाने नाक श्वासाला दिलंय, लोकांच्या घरात खुपसायला नाही. लोकांच्या घरात! मी इथे नांदायला आले त्याला एक पिढी झाली. मला या घरात नाकाबाई म्हणतात, आणि त्यात माझी मुलगीही सामील आहे.

माझ्या नवऱ्याचा मात्र कान. तो ध्वनिमुद्रक आहे. पंखा बिघडायच्या आधी याला कळतं, शेजारचा नळ ठिबकायला लागला की हा झोपेतून उठून बसतो. स्वतःच्या घामट मोज्यांचा वास तेवढा येत नाही. तर या कानसम्राटाची एक रेसची सायकल आहे, हलक्या धातूची, वाकड्या शिंगांच्या हँडलची. तरुणपणी तो ती रस्त्यावर दामटायचा. पोट सुटल्यावर बैठकीच्या खोलीत स्टँडवर लावून जागच्या जागी पिटाळायला लागला. तासभर पेडल मारायचा आणि घामाच्या धारा हनुवटीवरून थेट हँडलवर. मी खाली फडकं टाकायचे, तो फडक्यावर आणखी एक फडकं टाकायचा. आईचाच मुलगा.

या वर्षी आमची भिंगरी बापाच्या उंचीला आली आणि सायकल तिच्याकडे गेली. पाय जमिनीवर ठरत नाहीत म्हणून भिंगरी. रविवारी तिची पहिली शर्यत होती: टेकडीवर चढायचं आणि मागच्या अंगाने उतरायचं. त्या उतारावर मोटारीसुद्धा जपून येतात. ही पोरगी तिथे नाक हँडलला टेकवून सुटणार होती, आणि सायकल आवाज करत होती.

आवाज मोठा नव्हता. कट्. तोही सारखा नाही, चढावर भिंगरी सीटवरून उठली की तेवढाच. मी शुक्रवारी सरळ सांगून टाकलं, आवाज कशाचा ते कळल्याशिवाय ही सायकल टेकडीवर जाणार नाही. भिंगरीने माझ्याशी बोलणं टाकलं. नवरा म्हणाला, शनिवारी संध्याकाळपर्यंत आवाज पकडून दाखवतो. सासूबाई म्हणाल्या, सायकलची कुरकुर परवडली, पण हिची नको.

शनिवारी सकाळी बैठकीच्या खोलीचा उकिरडा झाला. पेडलं काढली, पुसली, ग्रीस लावून परत बसवली. कट्. सीटचा दांडा उपसला, त्यातून गंजाचं लाल पाणी ओघळलं आणि ते माझ्या चांगल्या टॉवेलने टिपलं गेलं. कट्. चेन काढून रॉकेलात बुडवली, तीही माझ्या भाजी धुवायच्या पातेल्यात. चेनच्या दुव्यांतून केस, लोकर आणि काय काय काळंमिचकूट निघालं ते मी सांगत नाही, कोणी जेवायला बसलं असेल. दुपारी त्याने पेडलांचा आसच बाहेर काढला, त्यातले छर्रे माझ्या चहाच्या बशीत ठेवले आणि वर मला दाखवायला आणले. मी ती बशी फेकून दिली. सासूबाईंनी कचऱ्यातून उचलली आणि कपाटात दुसऱ्या बशीखाली ठेवली.

सगळं पुन्हा जोडलं, भिंगरी चढून बसली, उभी राहिली. कट्.

“आवाज खालून येतोय,” नवरा म्हणाला. दिवसभर तो हेच म्हणत होता. मी विचारलं, वरून कशावरून नसेल? त्यावर त्याने मला कानाविषयी एक व्याख्यान दिलं. मग त्याने कामावरचा छोटा मायक्रोफोन आणला, चिकटपट्टीने पेडलांच्या आसाजवळ लावला, कानांना हेडफोन चढवले आणि डोळे मिटून जमिनीवर आडवा झाला. सायकल हलू नये म्हणून मला पुढे उभं केलं. चाक गुडघ्यांत धर, म्हणाला, आणि हँडल दोन्ही हातांनी घट्ट. शिवाय श्वाससुद्धा हळू घे.

म्हणजे मी वाकले, आणि माझं नाक त्या हँडलपाशी आलं.

हँडल दिसायला नवंकोरं होतं. भिंगरीच्या आवडीची पिवळी टेप, कालच गुंडाळलेली, एकही सुरकुती नाही. आणि त्या पिवळ्या धम्मक टेपखालून जो वास आला तो मला ओळखीचा होता. घामाचा वास वेगळा. हा माझ्या खुर्चीवरचा वास होता. दातावर झकास टोपी बसवलेली असते, पेशंट आरशात हसून बघतो, आणि मी टोपी उचलते तेव्हा आतून हाच वास येतो. गोडसर, ओला, सडका.

मी नवऱ्याच्या कानावरचा हेडफोन काढला आणि म्हटलं, टेप सोड. तो म्हणाला, हँडलचा काही संबंध नाही. मी म्हटलं, आत काहीतरी कुजलंय. सासूबाई तिकडून म्हणाल्या, नाकाबाईंना आता धातूही कुजल्याचा वास यायला लागला. भिंगरी शुक्रवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली: “आई, प्लीज. तुला मला पाठवायचंच नाहीये ना, तर तसं सांग. माझी टेप नको फाडू.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते दिसत होतं. पण तिचे तळवे त्या वासावर टेकलेले होते आणि उद्या ती त्याच्याच भरवशावर उतारावर सुटणार होती. मी स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि टेपला लांब चीर दिली.

पिवळीखाली पांढरी निघाली. पांढरीखाली लाल. लाल टेपखाली निळी, आणि निळीच्या खाली मूळची काळी, ती आता टेप राहिलेलीच नव्हती. नुसता लगदा. बोटांना तार सुटत होती. वर्षानुवर्षांचा घाम, सांडलेली गोड सरबतं, मळ, सगळं मुरून त्याचा गूळ झाला होता. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ तोंडं उघडली आहेत, इतकं घाण एकही नव्हतं. हातमोजे घालायला हवे होते, पण मला थांबायचं नव्हतं. मी नखांनी खरवडत गेले. खाली घामाने खाल्लेल्या धातूवर पांढऱ्या पुडीचे फोड आले होते. एक फोड उडाला आणि त्याच्याखाली खड्डा दिसला, आणि खड्ड्यापासून निघून दांड्याला वळसा घालून जाणारी एक काळी रेघ.

मी उजवी मूठ धरून वर ओढली. कट्.

नवरा ताडकन उठून बसला.

मी पुन्हा ओढली. या वेळी कट् झालं नाही, दुसराच आवाज झाला, आणि हँडलची उजवी बाजू ब्रेकच्या दांडीसकट माझ्या हातात आली. तारेला लोंबकळत राहिली. तुटलेली कड जवळजवळ सगळी काळी होती, फक्त नखाएवढा भाग चकचकीत. तेवढ्यावर ते उभं होतं. तेवढ्यावर आणि पाच टेपांच्या गुंडाळीवर.

भिंगरी अजून सीटवर होती. तिने आपला उजवा हात समोर धरला आणि बघत राहिली. मग म्हणाली, “बाबा, मला हँडल मऊ लागतं असं मी म्हटलं होतं ना. तू म्हणालास, गादी आहे.”

“हो,” नवरा म्हणाला.

“मग दर वेळी जुनी टेप काढली का नाहीस?”

तो जमिनीवरच बसून होता, मायक्रोफोनची वायर हातात. मला वाटलं, म्हणेल लक्षात आलं नाही. माझे पेशंट तसंच म्हणतात, आणि मी ते ऐकून घेते. पण खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नसावं. “एकदा काढायला घेतली होती,” तो म्हणाला. “टोकाला पांढरी पूड दिसली. घाण वाटली. मग वरून एक गुंडाळली.”

तेव्हा मला जी किळस आली ती त्या लगद्याची नव्हती. याला दिसलं होतं. घाण यालाही वाटली होती, माझ्याइतकीच वाटली असेल. पण याने तिच्यावर लाल टेप गुंडाळली, मग पांढरी, मग स्वतःच्या मुलीला रंग विचारून पिवळी, आणि तिचे हात त्यावर ठेवले. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. त्याने ऐकलं. त्याचा कान चांगला आहे.

नंतर तो उठला, सायकल खांद्यावर घेतली आणि भिंगरीला घेऊन दुकान बंद व्हायच्या आत गेला. नवं हँडल बसवून आणलं. दुकानदाराने जुने दोन तुकडे काउंटरवर मांडून ठेवलेत, भिंगरीने सांगितलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. नवी टेप तिने स्वतः गुंडाळली, उघड्या धातूवर, एकच. सुरकुत्या पडल्यात, पण मी काही बोलले नाही. उद्या ती जाणार आहे. उताराच्या तळाशी मी उभी राहणार आहे.

मी मोरीत हात घासत होते. साबण लावला, लिंबू लावलं, दवाखान्यातलं औषध लावलं, बोटांचा वास जाईना. नवरा दाराशी येऊन उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, “आवाज वरून येत होता.” मी म्हटलं, बाजूला हो, मला टॉवेल घेऊ दे. टॉवेलला गंज लागलेला होताच.

स्वयंपाकघरातून खरखर ऐकू यायला लागली. मी डोकावून बघितलं. सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी मेणकापडाचा एक कोपरा नखाने उचलला होता, त्याखालचा उचलला होता, आणि आणखी खालचा निघत नव्हता म्हणून चमच्याच्या दांड्याने खरवडत होत्या. तोंडाला पदर लावलेला होता.

“अगं,” वर न बघता त्या म्हणाल्या, “जरा इकडे ये. येताना नाक घेऊन ये.”