दोरीपलीकडचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. पुढच्या खोलीत मिरवणारे नव्हे, स्वयंपाकघरातले. सुताराने मला घडवले तेव्हा माझा एक पाय जरासा आखूड राहिला. "भिंतीला टेकवून ठेवा, कळायचंही नाही," असे सांगून तो मोकळा झाला. मी मात्र डुगडुगत राहिले.

ज्या घरात मी आले, तिथे मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या एक लेखिकाबाई राहत होत्या. त्यांना लिहायला वेगळी खोली होती, पण त्यांचे मन तिथे रमेना. भाजी चिरून झाली की साली बाजूला सारून त्या माझ्यावरच कागद पसरत. प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून बघत आणि मला विचारत, "काय, जमलं का?" मी डुगडुगले की म्हणत, "बरं बाबा, बदलते."

हरवलेल्या अस्वलाची गोष्ट त्यांनी माझ्यावरच लिहिली. ते अस्वल आपले घर विसरते आणि सात दारांवर टकटक करत हिंडते. ती टकटक कशी वाजावी, हे ठरवायला बाईंनी आठवडाभर मला बडवले. शेवटी जमली. टक, टक, मग जरा थांबून, टक.

पुढे बाई गेल्या आणि घराचे स्मारक झाले. कुणीतरी माझा आखूड पाय सारखा केला, मला पॉलिश केले आणि भोवती जाड दोरी लावली. 'हात लावू नये', अशी पाटीही आली. लोक वाकून बघतात, "किती साधं टेबल!" म्हणून कौतुक करतात आणि पुढे जातात. पण ओला पेला ठेवून माझ्यावर गोल डाग पाडणारे कुणी नाही. खरे सांगते, त्या डागासाठीसुद्धा मी झुरते.

एकदा एक कुटुंब आले. आई, तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि चाकांच्या खुर्चीत आजोबा. पक्षाघाताने आजोबांचा उजवा हात आणि वाचा, दोन्ही हिरावून नेली होती.

"अस्वलाची गोष्ट इथे लिहिली," आई मुलीला म्हणाली. "आजोबा मला रोज वाचून दाखवायचे. असा जाडाभरडा आवाज काढायचे!"

"मग मला का नाही दाखवली?"

"तू थोडी मोठी झालीस की वाचणार होते गं. तेवढ्यात आजारी पडले."

आजोबांनी डावा हात माझ्याकडे पुढे केला. मध्ये दोरी आली.

"दादा, एकदाच हात लावू द्याल का यांना?" आईने देखरेख करणाऱ्या माणसाला विचारले.

"नियम आहे ताई. मला बोलणी बसतील."

आजोबांनी हात मागे घेतला नाही. त्या माणसाने इकडेतिकडे पाहिले. "बसू देत बोलणी," असे पुटपुटून त्याने दोरीचा आकडा काढला.

आजोबांनी माझ्यावर हात ठेवला, बोटे दुमडली. टक, टक, मग जरा थांबून, टक.

मित्रांनो, मी शहारले.

आईचे डोळे भरून आले. "ये आत," ती कशीबशी म्हणाली, "पण पाय पुसून ये हो!"

"असं कोण म्हणतं?" मुलीने विचारले.

"पहिल्या दारातली म्हातारी."

"मग? पुढे काय होतं?"

आई गोष्ट सांगू लागली. तिने काढलेला अस्वलाचा आवाज खोकल्यासारखा निघाला, तेव्हा आजोबा अर्ध्या ओठाने हसले. दर दाराला ते टकटक करत होते. आईने गडबडीत पाचवे दार गाळले, तर त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि मला असे ठोकले की तिला मागे यावेच लागले. मुलगी कोपरे टेकून, हनुवटी तळहातांवर ठेवून ऐकत होती. मागे ताटकळलेली माणसेही गुपचूप ऐकत उभी होती.

गोष्ट संपली, ती तिघे गेली. मला वाटले होते, कुणाचा हात लागला की माझी हुरहूर थांबेल. ती उलट वाढली.

तुम्ही म्हणाल, आता हे टेबल सांगणार, जुन्या वस्तू जपा. जपा, जरूर जपा. पण आम्हाला पुसायला माणसे नेमलेली असतात. तुमच्या घरी गोष्ट वाचून दाखवणारे कुणी असेल, तर मोठे होण्याची वाट बघू नका. आजच पुस्तक घ्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा.