कंसाबाहेरचा दोन

टिटवी विज्ञानात एकदा आपटली होती. उद्याच्या तोंडी परीक्षेत पुन्हा आपटली, तर त्याच वर्गात राहणार होती. वर्गाबद्दल तिची तक्रार नव्हती, चांगला हवेशीर होता. पण यंदा त्या वर्गात तिची धाकटी बहीण येत होती. सख्ख्या धाकटीच्या बाकावर बसायचं, त्यापेक्षा बाकाखाली बसलेलं बरं!

घराच्या पुढच्या खोलीत आईचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं. कातरणीच्या ढिगात पुस्तक उघडून टिटवीने विचारलं, "आई, Ca(OH)₂ मध्ये अणू किती गं?"

आईने मशीन थांबवलं. "दाखव. हे Ca म्हणजे समज टोपी. आकडा नाही, म्हणजे एक. कंसात O सदरा, H चड्डी. बाहेर दोन. म्हणजे सदरा एक, चड्ड्या दोन. झाले चार."

"सदरा एकच कसा?"

"इतकी वर्षं तसाच देते! पोरं सदरा झिजवत नाहीत, बूड झिजवतात."

दुकानाची रीतच ती. टिटवीला पटली, कारण पटवून घेतलं की झोप लवकर लागते.

सकाळी शाळेच्या वाटेवर धाकटीने अडवलं. ताईची पुस्तकं ताईआधी वाचायची तिला खोड होती.

"सांग, किती?"

"चार. टोपी एक, सदरा एक, चड्ड्या दोन. आईने सांगितलं."

धाकटी इतकी हसली की दप्तर खांद्यावरून घसरलं. "अगं ताई, दोन पोरं आणि सदरा एकच? दुसरं काय ढेरी दाखवत फिरणार? बाहेरचा दोन कंसातल्या सगळ्यांचा. ऑक्सिजन दोन, हायड्रोजन दोन, बाहेरचं कॅल्शियम एक. पाच!"

"म्हणजे आई चुकली?"

"आई कशाला चुकेल? आई चड्ड्या विकते."

मग चालता चालता तिने ताईकडून घोकून घेतलं:

"कंसाबाहेर उभा दोन,
आत बसलंय कोण कोण?
ज्याचा त्याला वाटा द्या,
भांडू नका, मोजून घ्या!"

विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर भलतंच लिहिलं: Al₂(SO₄)₃.

"अ‍ॅल्युमिनियम दोन," ती म्हणाली. "सल्फर..." जिभेवर 'एक' येऊन बसला होता. तिने तो गिळला, ओठांत काहीतरी पुटपुटली. "सल्फर तीन. ऑक्सिजन चार त्रिक बारा. सगळे मिळून सतरा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पुटपुटलीस काय?"

"गाणं, बाई."

"रसायनांचं?"

"चड्ड्यांचं."

बाईंना एकदम खोकला आला. खोकतच त्यांनी 'उत्तीर्ण' लिहिलं.

फाटकापाशी धाकटी ताटकळत होती. "सुटलीस?"

"सुटले!"

"बरं झालं, ब्याद टळली," म्हणत ती पायरीवर बसली आणि बुटाची नाडी बांधू लागली. बांधतेय, सोडतेय, परत बांधतेय. मान काही वर होईना.

"काय गं?"

"काही नाही. खिडकीजवळचा बाक धरला होता. दोघींचा."

टिटवीने दप्तर खाली ठेवलं. "मग मला शिकवलंस कशाला, शहाणे?"

"तू रडलीस की फार आवाज होतो."

टिटवी तिच्याशेजारी टेकली. धाकटीच्या दुसऱ्या बुटाची नाडी सुटलेली नव्हती, तरी तिने ती सोडली आणि सावकाश बांधत बसली.